निजामाची नोट स्टेटसला, पण बँकेचं चित्र कुठंय?

दर वर्षी १७ सप्टेंबरला माझ्या फोनमध्ये निजामाची पाच रुपयांची नोट येते. आदल्या रात्रीपासूनच स्टेटस सुरू होतात. स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो, तिरंगा, 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छा', आणि मधेच कुठंतरी ही नोट. तिच्याखाली लोक काय लिहितात ते मी काही वर्षांपासून बघतोय. तीनच प्रकार आहेत. 'जुलमी राजवटीची निशाणी' हा पहिला. 'काय वैभव होतं राव, जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस आपला राजा होता' हा दुसरा. आणि तिसरा, सगळ्यात जास्त फॉरवर्ड होणारा : 'तुमच्या घरात अशी नोट आहे का? किंमत सात लाख. लिंक बायोमध्ये.'

माझ्या मामेभावानं तिसऱ्यावर क्लिक केलं. आमच्या आज्जीच्या ट्रंकेत अशी एक नोट खरंच आहे, उमरी तालुक्यातल्या आमच्या घरी, लुगड्याच्या घडीत ठेवलेली. त्यानं फोटो पाठवला. तिकडून रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र आलं, गोल शिक्का असलेलं. प्रोसेसिंग फी भरा, मग जीएसटी भरा. दोन वेळा पैसे भरल्यावर समोरचा नंबर बंद. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता, पण असले इशारे वाचतं कोण? मी त्याला विचारलं, बीएस्सी झालास, तुला शंका आली नाही? तो म्हणाला, "अरे, वाघ होता ना वर."

भामटे सगळीकडे असतात, त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. मला वाद घालायचाय तो या वाक्याशी. वाघ होता ना वर! नोटेवरच्या चित्राला आपण एक तर हात जोडतो, नाही तर शिव्या देतो, नाही तर विकायला काढतो. ते वाचत नाही. आणि ती नोट काढणाऱ्या बँकेचं चित्र तर आपण काढतच नाही. गेल्या दहा वर्षांत पैशावरून एवढं सोसलेल्या मराठवाड्यानं ते काढायला हवं होतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी ती नोट वाचून बघू. हैदराबाद संस्थानात कागदी नोटा आल्या १९१८ मध्ये. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली होती, म्हणून. नोटेवर मधे उर्दू, आणि इंग्रजी, तेलुगू, कन्नड, मराठी या भाषांत किंमत. ज्या राज्यात वरच्या वर्गात शिकायचं, कचेरीत काम करून घ्यायचं तर उर्दूशिवाय चालत नव्हतं, त्या राज्यानं नोटेवर मात्र मराठीला जागा दिली. कारण सोपं आहे. हुकूम एका भाषेत काढता येतो, पण कागदाच्या तुकड्यावर लोकांनी विश्वास ठेवायचा असेल तर तो लोकांच्या भाषेत मागावा लागतो. 'जुलमी' आणि 'वैभवशाली' या दोन्ही कॅप्शनवाल्यांना हे दिसत नाही, कारण दोघंही निजामाकडे बघतात, नोटेकडे बघत नाहीत.

गंमत म्हणजे निजाम त्या नोटेवर नाहीच. ब्रिटिश रुपयावर राजाचं डोकं होतं, हैदराबादच्या रुपयावर चारमिनार. बारकाईनं बघितलं तर चारमिनारच्या दारात एक उर्दू अक्षर दिसतं : 'ऐन', म्हणजे उस्मान अली खान. त्याच्या वडिलांच्या, महबूब अली खानांच्या नाण्यावर तिथंच 'मीम' होतं. राजा म्हणजे दारात उभं असलेलं एक अक्षर. एवढं झकास चित्र हाताशी असताना आपण त्याखाली 'सात लाख' लिहितो!

आज्जी या पैशाला 'हाली' म्हणते आणि इंग्रजांच्या रुपयाला 'कलदार'. साधारण सात हालींना सहा कलदार असा दर होता. ती हे पाढ्यासारखं सांगते. लातूरच्या गंजगोलाईत, नांदेडच्या सराफ्यात, कापसाच्या आडतीवर, रेल्वेनं मनमाडकडं जाताना हा हिशेब डोक्यात ठेवूनच माणसं वावरायची. मराठवाड्यातल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या बाईलासुद्धा विनिमय दर तोंडपाठ होता. तिला कुणी 'आर्थिक साक्षरता'चं शिबिर लावलं नव्हतं.

आणि आपल्याला आपली मध्यवर्ती बँकही होती. १९४१ च्या कायद्यानं हैदराबाद स्टेट बँक निघाली. संस्थानाचं चलन, संस्थानाचं कर्ज तिच्याकडे. म्हणजे रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, त्यानंतर सहा वर्षांनी आपल्या राज्यात तिची एक धाकटी जाऊ आली. चलन हे तेव्हा नुसतं देवघेवीचं साधन नव्हतं, हत्यार होतं. जैसे थे करारावर सही झाल्यावर निजाम सरकारनं वटहुकूम काढून भारतीय रुपया संस्थानात कायदेशीर चलन राहणार नाही असं ठरवलं, आणि त्यावरून दिल्लीशी वाजलं. उमरीची बँक जानेवारी १९४८ च्या अखेरीस स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, ते आमच्याकडे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. पण ती लूट आम्ही नेहमी शौर्यकथा म्हणून ऐकली. बँकच का? ठाणं का नाही, कचेरी का नाही? बंदुकांना पैसा लागतो हे आहेच, पण बँक फोडणं म्हणजे या राज्याच्या सहीला आम्ही किंमत देत नाही असं म्हणणंही होतं. हे मला कुठल्याही भाषणात ऐकायला मिळालं नाही.

पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली. १९५० पासून भारतीय रुपया सोबत आला. हाली १९५९ पर्यंत रेंगाळली आणि गेली. बँक १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात जाऊन 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' झाली, मग स्टेट बँकेची उपकंपनी, आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन. नांदेड-लातूरच्या शाखांवरच्या पाट्या बदलल्या. रिझर्व्ह बँकेच्या वाढदिवशी तिची ही जाऊ गेली, तीही एप्रिल फूलच्या दिवशी. यावर एकसुद्धा चित्र मला कुणी पाठवलं नाही. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी नवीन आयएफएससी कोडची यादी फिरत होती.

आता लंडनला जाऊ. तिथं दोनशे वर्षांपूर्वी याच गोष्टीचं लोकांनी काय केलं ते बघायला.

फेब्रुवारी १७९७. फ्रान्सशी युद्ध चाललंय, फ्रेंच सैनिक वेल्सच्या किनाऱ्यावर उतरल्याची बातमी येते, लोक नोटा देऊन सोनं मागायला बँक ऑफ इंग्लंडपुढं गर्दी करतात. पंतप्रधान विल्यम पिटचं सरकार फर्मान काढतं : बँकेनं नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवावं. सोन्याऐवजी लोकांच्या हातात एक आणि दोन पौंडांच्या कागदी नोटा येतात. मे महिन्यात जेम्स गिलरे नावाचा चित्रकार एक छापील चित्र काढतो. त्यात बँक ही एक म्हातारी आहे. तिचा झगा एक पौंडाच्या नोटांचा शिवलेला. ती कुलूप लावलेल्या पेटीवर बसलीय. काटकुळा पिट तिच्याशी लाडीगोडी करतोय, मुका घ्यायला पुढं झुकलाय, आणि त्याचा हात तिच्या खिशात आहे, सोन्यावर. म्हातारी ओरडतेय.

चित्र आजच्या डोळ्यांना खटकतं. बाईवरच्या जबरदस्तीचा विनोद करून राजकारण समजावणं ही पुरुषी खोड तेव्हापासूनची आहे, आणि ती मी इथं विकायला आणलेली नाही. पण त्या चित्रानं केलेलं एक काम बघा. बँकेला शरीर दिलं. खिसा दिला, तोंड दिलं. 'रोख देयके स्थगित करण्याबाबत' या शब्दांत जे कुणाला कळलं नसतं ते एका नजरेत कळलं : सरकारचा हात बँकेच्या खिशात आहे. हॅना हम्फ्री नावाच्या बाईच्या दुकानातून ही चित्रं विकली जायची, काचेत लावलेली बघायला रस्त्यावर माणसं थांबायची. विकत घ्यायची ऐपत नसलेलेही बघून जायचे. त्या काळचं फीडच म्हणा ते. 'थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी' हे नाव बँकेला असं चिकटलं की पुढं १९२१ मध्ये बँकेच्या कर्मचाऱ्यांनी आपलं अंतर्गत मासिक काढलं, तेही म्हातारीच्याच नावानं.

त्याहून जालीम चित्र आलं १८१९ मध्ये. त्या नव्या छोट्या नोटा इतक्या साध्या होत्या की कुणीही नक्कल करावी. नक्कल करणाऱ्याला आणि नकली नोट चालवणाऱ्यालाही फाशी. १७९७ ते १८२१ या काळात तीनशेहून जास्त माणसं या गुन्ह्यांपायी लटकली. त्यातली कितीतरी एक पौंडाची खोटी नोट देऊन भाकरी घ्यायला गेलेली. जॉर्ज क्रुकशँकनं फासावर लटकलेल्या बायका डोळ्यांनी बघितल्या आणि घरी जाऊन एक नोट काढली. हुबेहूब बँकेसारखी नोट, फक्त तिच्यावर ओळीनं फाशी गेलेली माणसं, पौंडाच्या चिन्हाच्या जागी दोराची वेटोळी, आणि खाली सही जल्लादाची. विल्यम होननं ती छापली, दुकानासमोर झुंबड उडाली. आपल्या चित्रामुळंच फाशी बंद झाली असं क्रुकशँक म्हातारपणी सांगायचा. चित्रकार लोक थोडं वाढवून सांगतातच. पण सहीच्या जागी जल्लाद! नोट म्हणजे सहीखालचं वचन, ते वचन कोण देतंय ते बघा, एवढंच त्यानं सांगितलं.

आता परत घरी.

२०१६ मध्ये मी लातूरला हॉस्टेलवर होतो, तो 'लातूर पॅटर्न' गिरवायला. त्या वर्षी शहरानं दोनदा रांग लावली. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागू करावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. नंतर पाऊस चांगला झाला, सोयाबीन घरात आलं, आडतीवर विकलं गेलं, आणि पैसे हातात येतायत तोवर ८ नोव्हेंबरची रात्र आली. चलनातल्या सुमारे ८६ टक्के किमतीच्या नोटा बाद. घागर घेऊन उभी राहिलेली माणसंच परत आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन उभी राहिली. आमच्या मेसवाल्या काकूंनी दीड महिना वहीवर जेवू घातलं.

शहरात निदान एटीएम होती. गावात बँक म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची शाखा. सोसायटीचं कर्ज तिथं, पीक विम्याचे पैसे तिथं, म्हातारीचं खातं तिथं. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं : जिल्हा बँकांनी जुन्या नोटा बदलून द्यायच्या नाहीत, भरूनही घ्यायच्या नाहीत. काळ्या पैशाला वाट मिळेल अशी भीती होती म्हणे, आणि काही ठिकाणी ती अगदीच खोटी नसेल. पण त्या एका कागदानं गावातल्या माणसाची बँक त्याच्या नोटेला अनोळखी झाली. त्याच्या खिशात रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या सहीचं वचन, समोर त्याची स्वतःची बँक, आणि मधे ते परिपत्रक.

माझ्या मित्राचा भाऊ अशाच एका तालुक्याच्या शाखेत कॅशियर होता. कुठली शाखा ते सोडा. त्याच्या काचेवर लोकांनी हात आपटले. "तुज्या बापाचा पैसा हाय का?" असं त्याला एक म्हातारा विचारत होता, आणि तो खाली मान घालून शिक्के मारत बसला होता. त्याच्या मागं भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर होतं. ज्यांनी निर्णय घेतला त्यांचं चित्र त्या भिंतीवर नव्हतं, लोकांच्या डोक्यातही नव्हतं. म्हणून शिवी त्या पोराला.

तेव्हाचे हॉस्टेल ग्रुपवरचे मीम मी अजून ठेवलेत. मधे परत चाळले. नवरीचा बाप रांगेत. चपला रांगेत ठेवून झाडाखाली झोपलेले लोक. दोन हजारच्या नोटेतली चिप जमिनीखालून सॅटेलाइटला सिग्नल देतेय. नवरा बायकोच्या डब्यातल्या लपवलेल्या पैशांना हसतोय. हे शेवटचं तर मला तेव्हाही ओंगळ वाटलं होतं. आमच्या आयांनी भाजीतून वाचवलेले पाचशे-हजार 'काळा पैसा' म्हणून बाहेर काढायला लावले, आणि हसलो कुणाला, तर आयांनाच. पंतप्रधानांवर होते, बाजूनं आणि विरुद्ध. वर्तमानपत्रांतल्या मोठ्या व्यंगचित्रकारांनी आपलं काम चोख केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या फोनात, आमच्या हातानं बनलेल्या त्या शेकडो चित्रांत रिझर्व्ह बँक कुठंही नव्हती. आम्ही रांगेतल्या माणसाला हसलो. गिलरेच्या भाषेत सांगायचं तर आम्ही ना पिटचा हात काढला, ना म्हातारीचा खिसा. गर्दीत चेंगरलेल्या माणसाचं चित्र काढून त्याच्यावर हसलो.

आणि खिसा होता की! माहितीच्या अधिकारात पुढं २०१९ मध्ये त्या दिवशीच्या रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त बाहेर आलं. ८ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेपाच, दिल्ली. पंतप्रधानांच्या भाषणाला अडीच तास बाकी. मंडळानं त्यात नोंदवलं होतं की बहुतेक काळा पैसा रोखीत नसतो, सोनं आणि जमीन-जुमल्यात असतो, त्यावर या निर्णयाचा फारसा परिणाम होणार नाही. वाढीला तात्पुरता फटका बसेल असंही नोंदवलं होतं. आणि तरी शिफारस केली. बाद नोटांपैकी ९९.३ टक्के किमतीच्या नोटा परत आल्याचं बँकेनंच २०१८ मध्ये सांगितलं. यापेक्षा तयार व्यंगचित्र कुठल्या देशाला मिळालं असेल? साडेपाचला म्हातारी म्हणतेय 'याचा उपयोग नाही', आणि त्याच हातानं सही करतेय. हे काढायला गिलरे लागत नाही. फोनमधलं फुकटचं अ‍ॅप पुरतं.

मग का नाही काढलं? मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे आपल्यासाठी नोट म्हणजे लक्ष्मी. पायाखाली आली की कपाळाला लावायची, दिवाळीत पाटावर मांडायची. ज्याची पूजा करतो त्याचं नाक वाकडं काढायला हात धजत नाही. दुसरं, बँक मुंबईत कुठंतरी मिंट रोडवर, आपल्याला तिचा फक्त काचेमागचा शेवटचा माणूस दिसतो. तो दिसतो म्हणून तोच सापडतो.

यावर माझा एक मित्र, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, म्हणतो की मध्यवर्ती बँकेची थट्टा करू नये. तिचं सगळं भांडवल म्हणजे विश्वास. लोक हसायला लागले तर रुपया पडेल. मला हा युक्तिवाद गंभीर वाटतो, म्हणून उत्तर देतो. म्हातारीला लोक दोनशे पंचवीस वर्षांहून जास्त हसतायत, ती अजून तिथंच आहे, आणि गिलरेचं ते चित्र आपल्याच संग्रहालयात मिरवते. विश्वास थट्टेनं जात नाही. साडेपाचच्या बैठकीसारख्या गोष्टींनी जातो, आणि त्या कळायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला की आणखी जातो.

शिवाय आपली बँकसुद्धा तेवढी सोवळी नाही. तो वाघच घ्या, ज्याच्यावर माझ्या मामेभावानं विश्वास ठेवला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सोन्याच्या दुहेरी मोहरेवर सिंह आणि ताडाचं झाड होतं. रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह ठरवताना सिंहाच्या जागी वाघ घ्यायचं ठरलं, भारताला तो जास्त शोभतो म्हणून. कलकत्त्याच्या बेल्व्हेडियरच्या फाटकावरचा वाघ नमुन्याला घेतला. काढून आलेला वाघ बघून डेप्युटी गव्हर्नर जेम्स टेलर वैतागले, कारण तो वाघ कुत्र्यासारखा दिसत होता. ही गोष्ट बँकेच्याच इतिहासात नोंदलेली आहे. दिल्लीच्या कार्यालयासमोर रामकिंकर बैज यांनी यक्ष आणि यक्षी घडवले, एका हातात पैशाची थैली घेतलेला यक्ष आणि उघड्या अंगाची यक्षी, तर तिच्या नग्नतेवरून थेट राज्यसभेत प्रश्न आला. पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आपले, मराठी. म्हणजे चेहरे, प्राणी, पुतळे, भांडणं, सगळा माल तयार आहे. काढणारे हात तेवढे नाहीत.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. घरात हालीची नोट किंवा चारमिनारचं नाणं निघालं तर किंमत विचारत बसू नका. दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढा. सही, साल, त्यावरची मराठी वाचा. घरातलं कुणी सात हाली सहा कलदार सांगणारं अजून असेल तर त्यांना विचारा, या नोटेनं काय आणलं, कुणी घेतली नाही, कधी बुडाली. नांदेड-लातूरच्या कॉलेजांत इतिहासाचे आणि अर्थशास्त्राचे विभाग समोरासमोर असतात. दोघांनी मिळून एक भिंत याला दिली तरी पुष्कळ : एकीकडे हाली, एकीकडे क्रुकशँकची जल्लादाच्या सहीची नोट, एकीकडे २०१६ चे आपलेच मीम. आणि मग पोरांना कागद द्या.

मी सुरुवात केलीय. माझा हात काही बरा नाही. गेल्या १७ सप्टेंबरला मी एक चित्र काढलं : जिल्हा बँकेच्या शाखेबाहेर रांग, सगळ्यात शेवटी तो ताडाखालचा वाघ, हातात आधारची झेरॉक्स, आणि आत काचेमागचा पोरगा त्याला म्हणतोय, "साहेब, तुमच्याच परिपत्रकानं तुम्हाला पैसे देता येत नाहीत." वाघ जरा कुत्र्यासारखाच झाला. फॅमिली ग्रुपवर टाकलं. आज्जीला मामीनं फोन जवळ नेऊन दाखवलं, ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो सावकाराचा कुत्रा हाय का?"

त्यानंतर मामाचा मेसेज आला. "छान. जुनं आहे का? किती मिळतील?"